प्रत्यारोपित मूत्रपिंडाची दीर्घकालीन देखरेख: वाढलेले क्रिएटिनिन आणि बायोप्सीचा निर्णय

आपण लिहिले आहे की आपल्या चाळीस वर्षांच्या भावाला सहा वर्षांपूर्वी आईचे मूत्रपिंड बसवण्यात आले. प्रत्यारोपण पुण्यात झाले आणि नंतरच्या नियमित तपासण्या सोलापुरात होतात. इतकी वर्षे क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, गाळण्याचे काम मंदावले की रक्तात तो वाढतो) १.१ च्या आसपास होते, पण गेल्या दोन तपासण्यांत ते आधी १.३ आणि नंतर १.५ आले. पुण्याच्या डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे सुईने मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासणे, सुचवली आहे. घरातील मंडळींचे म्हणणे असे की लघवी उत्तम होते, कुठे दुखत नाही, मग चांगल्या चाललेल्या किडनीत सुई कशाला घालायची, पाणी वाढवून महिनाभर वाट पाहू. बायोप्सी खरोखर गरजेची आहे का, आणि पुढे आयुष्यभर कोणत्या तपासण्या कधी करायच्या, असे आपले दोन प्रश्न आहेत.

सोलापुरात मूत्रपिंडविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना हे दोन्ही प्रश्न मला वारंवार विचारले जातात. पहिल्याचे उत्तर आधी देतो. येत्या आठवडाभरात काही साध्या तपासण्या करून या वाढीचे स्पष्ट कारण सापडले नाही, तर बायोप्सी पुढे ढकलू नये. महिनाभर थांबण्याचा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असला तरी या परिस्थितीत तो मान्य करता येणार नाही.

कारण समजून घेण्यासाठी त्या १.३ च्या अहवालाकडे पुन्हा पाहा. बहुतेक प्रयोगशाळा पुरुषांसाठी क्रिएटिनिनची मर्यादा साधारण ०.७ ते १.३ अशी छापतात, त्यामुळे त्या आकड्यापुढे ना तारा आला ना ठळक अक्षर. ही मर्यादा दोन मूत्रपिंडे असलेल्या निरोगी लोकांसाठी आखलेली आहे आणि तिला आपल्या भावाचा पूर्वेतिहास ठाऊक नाही. २०२१ च्या सुधारित सूत्राने हिशेब केला तर चाळीस वर्षांच्या पुरुषात १.१ क्रिएटिनिन म्हणजे मिनिटाला सुमारे ८७ मिलिलिटर इतकी गाळणक्षमता, १.३ म्हणजे सुमारे ७१ आणि १.५ म्हणजे सुमारे ६०. अहवालावर काहीही खूण नसताना क्षमतेचा जवळजवळ पाचवा हिस्सा कमी झालेला होता आणि आता जवळजवळ एक तृतीयांश कमी झाला आहे. प्रत्यारोपित मूत्रपिंडाच्या बाबतीत स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा क्रिएटिनिन २० ते २५ टक्के वाढले की कारण शोधायला लागायचे, असा आमच्या शाखेतील प्रघात आहे. आपल्या भावाची वाढ ३६ टक्के आहे.

म्हणून माझ्या प्रत्येक रुग्णाला मी एक वही ठेवायला सांगतो. तारीख, क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने, टॅक्रोलिमसची (शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून रोज घ्यायच्या औषधाची) रक्तातील पातळी, रक्तदाब, वजन आणि त्या महिन्यात झालेला आजार किंवा घेतलेले नवे औषध, एवढेच रकाने पुरेत. अहवालांची जाडजूड फाइल घेऊन आलेल्या रुग्णापेक्षा अशी दोन पाने घेऊन आलेल्या रुग्णाबद्दल मला पाच मिनिटांत अधिक कळते. शक्य तोवर प्रयोगशाळा एकच ठेवावी, कारण दोन ठिकाणच्या यंत्रांतील आणि पद्धतींतील फरकामुळेही आकडा थोडा इकडेतिकडे होतो.

कुठे दुखत नाही, या गोष्टीवर भिस्त ठेवू नका. प्रत्यारोपणाच्या वेळी रक्तवाहिन्या आणि मूत्रवाहिनी जोडली जाते, मज्जातंतू जोडले जात नाहीत. पहिल्या काही महिन्यांतील तीव्र रिजेक्शनमध्ये, म्हणजे शरीर नवे मूत्रपिंड नाकारू लागते तेव्हा, कधी ताप येतो, कधी ती जागा सुजून हुळहुळी होते, पण वर्षानंतर होणारे रिजेक्शन बहुधा कोणताही त्रास न देता पुढे सरकते. लघवी भरपूर होणे हेही फारसे दिलाशाचे लक्षण नाही. गाळण्याचे काम निम्म्यावर आले तरी लघवीचे प्रमाण नेहमीइतकेच राहू शकते.

आता या आठवड्यात काय करायचे ते सांगतो. क्रिएटिनिन पुन्हा तपासा, पण आदल्या रात्री मटणाचे जेवण नको, कारण शिजवलेल्या मांसाने ते तात्पुरते वाढते. गेल्या दोन महिन्यांत जुलाब, उलट्या, ताप किंवा उन्हातले काम झाले होते का, हे आठवून लिहा. सोलापूरचा एप्रिल-मे ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. पारा ४२-४३ अंशांवर असताना दिवसभर बाहेर काम करून पुरेसे पाणी न पिणाऱ्याचे क्रिएटिनिन वाढते आणि पाण्याची भरपाई झाली की दोन-चार दिवसांत उतरते. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने ते साठवावे लागते आणि साठवलेल्या पाण्यातून जुलाबाचे आजार होतात, म्हणून प्रत्यारोपण झालेल्याने वर्षभर उकळलेलेच पाणी प्यावे. जुलाबात आणखी एक गोष्ट घडते आणि ती पुष्कळांना माहीत नसते. त्या काळात आतड्यातून टॅक्रोलिमस अधिक शोषले जाते, रक्तातील पातळी चढते आणि त्या चढलेल्या पातळीनेही मूत्रपिंडाला इजा होते. म्हणजे जुलाब दोन दिवसांहून अधिक चालले तर सलाइन जितके महत्त्वाचे, तितकीच औषधाची पातळी तपासणेही महत्त्वाचे.

त्यानंतर औषधांकडे पाहा. पाठ किंवा डोके दुखले म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतले का? लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कोट्रायमॉक्साझोल चालू झाले का? या औषधाने मूत्रपिंडाला इजा न होताही क्रिएटिनिनचा आकडा थोडा वाढतो. मग लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, लघवीतील प्रथिने व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर, टॅक्रोलिमसची पातळी, आणि प्रत्यारोपित मूत्रपिंडाची डॉपलरसह (रक्तप्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी करून घ्या. मूत्रवाहिनी अरुंद झाल्याने मूत्रपिंड फुगले आहे का आणि त्याच्या धमनीत अडथळा आहे का, हे सोनोग्राफीत समजते, आणि ही दोन्ही कारणे असतील तर उपायाची दिशा पूर्णपणे निराळी असते. या सर्व तपासण्या सोलापुरात होतात, काहींचे नमुने येथूनच बाहेर पाठवले जातात.

टॅक्रोलिमसच्या पातळीविषयी मला अधिक लिहायचे आहे, कारण माझ्या पाहण्यात गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो. ही पातळी आधीच्या गोळीनंतर बारा तासांनी, म्हणजे सकाळची गोळी घेण्यापूर्वी मोजायची असते. बार्शीहून किंवा मंगळवेढ्याहून येणारा रुग्ण नेहमीच्या सवयीने सकाळी सात वाजता गोळी घेतो, एसटी पकडतो आणि नऊ-साडेनऊला रक्त देतो. गोळीनंतर एक ते तीन तासांत औषध रक्तात सर्वोच्च पातळीला असते, त्यामुळे अहवालात १३ किंवा १४ असा आकडा येतो. नमुना कधी घेतला हे अहवालावर कोणी लिहीत नाही. तो आकडा पाहून मात्रा कमी केली जाते, खरी पातळी तीनवर घसरते आणि पुढच्या वेळी त्याच पद्धतीने रक्त दिल्यामुळे घसरलेली पातळी कागदावर ठीकठाक दिसते. असे काही महिने गेले की शरीर त्या मूत्रपिंडाविरुद्ध प्रतिपिंडे (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिने) तयार करू लागते. म्हणून ज्या दिवशी पातळी तपासायची त्या दिवशी गोळी खिशात ठेवा, रक्त द्या, तिथल्या तिथे गोळी घ्या, आणि आदल्या रात्रीची गोळी व रक्त देणे यांच्या वेळा वहीत लिहा.

पहिल्या वर्षानंतर बहुतेक केंद्रे ही पातळी मिलिलिटरला साधारण ५ ते ८ नॅनोग्रॅमच्या दरम्यान ठेवतात. रुग्णाच्या जोखमीप्रमाणे त्यात थोडा फरक होतो, म्हणून आपल्या भावासाठी नेमकी पातळी किती ठरली आहे हे पुण्याच्या डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. एका अहवालापेक्षा मी सहा-सात अहवालांची रांग पाहतो. मात्रा तीच असताना पातळी ४, ११, ५, ९ अशी हेलकावे खात असेल, तर सरासरी योग्य दिसली तरी ते मूत्रपिंड जोखमीत असते. अशा चढउतारांचा नव्या प्रतिपिंडांशी आणि मूत्रपिंड लवकर निकामी होण्याशी संबंध अनेक अभ्यासांत दिसून आला आहे.

हे चढउतार कशाने होतात? गोळी कधी जेवणाआधी, कधी जेवणानंतर घेणे, दुकानदाराने ब्रँड बदलून देणे, आणि दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली औषधे ही नेहमीची कारणे आहेत. आपल्याकडे घामाच्या दिवसांत गजकर्ण घरोघर होते. त्यासाठी इट्राकोनाझोल किंवा फ्लुकोनाझोलच्या गोळ्या लिहून दिल्या जातात, कित्येकदा औषधाच्या दुकानातून थेटच घेतल्या जातात, आणि त्यांनी टॅक्रोलिमसची पातळी दुप्पट-तिप्पट होऊ शकते. क्लॅरिथ्रोमायसिन आणि रक्तदाबासाठीचे डिल्टियाझेम यांचाही परिणाम पातळी वाढवण्याचाच असतो. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फिट्सवरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांनी पातळी कोसळते. क्षयाचा उपचार सुरू करायची वेळ आली तर रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिनचा विचार करता येतो आणि तो निर्णय प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारूनच व्हायला हवा. आणखी एक जोडी लक्षात ठेवावी. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांपैकी मायकोफेनोलेटऐवजी अझाथायोप्रिन चालू असेल आणि युरिक अॅसिडसाठी कोणी अॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट दिले, तर अस्थिमज्जेचे काम धोकादायकरीत्या मंदावून रक्तपेशी कमी होऊ शकतात.

फळांमध्ये पपनस आणि ग्रेपफ्रूट पूर्णपणे वर्ज्य आहेत. डाळिंबाविषयी आपल्या जिल्ह्यात विचारले जाणे स्वाभाविकच आहे. डाळिंबाचा रस औषध पचवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) रोखतो असे प्रयोगशाळेत दिसते, पण माणसांमधील पुरावा तितका भक्कम नाही. मी रुग्णांना कधीमधी मूठभर दाणे खायला परवानगी देतो, रोज पेलाभर रस मात्र नको म्हणतो. गुळवेलाचा काढा आणि रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून विकली जाणारी चूर्णे घेऊ नयेत, कारण आपण महागडी औषधे देऊन जी प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली ठेवली आहे तिलाच ती डिवचण्याची शक्यता असते. कोविडच्या काळात मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलानंतर यकृताला इजा झालेले रुग्णही नोंदवले आहेत.

उपवासाविषयी एवढेच सांगतो की नवरात्र असो, आषाढी एकादशी असो वा रोजे असोत, बारा तासांच्या अंतराने घ्यायच्या गोळ्या कधीही चुकता कामा नयेत आणि मे महिन्यात निर्जळी उपवास करू नये. ज्यांची श्रद्धा दृढ आहे अशा रुग्णांशी मी आधीच मोकळेपणाने बोलतो. लपवून केलेल्या उपवासापेक्षा विचारून केलेला उपवास सांभाळणे सोपे जाते. पैशांअभावी महिनाअखेरीला एक दिवसाआड गोळी घेणारे रुग्ण, विशेषतः स्त्रिया, मी पाहिलेल्या आहेत. विडी वळून किंवा चादरीच्या कारखान्यात राबून घर चालवणाऱ्यांना हा खर्च किती जड जातो याची मला जाणीव आहे. अशी अडचण आली तर ती सांगण्यात संकोच करू नका. स्वस्त ब्रँडवर ठरवून जाता येते आणि बदलानंतर आठवड्याभरात पातळी तपासून मात्रा जुळवता येते. पण न सांगता गाळलेल्या गोळीचा परिणाम वहीत दिसायला वर्ष लागते.

आता बायोप्सी. वर सांगितलेल्या तपासण्यांतून कारण मिळाले नाही तर तीन-चार शक्यता उरतात आणि त्यांवरील उपचार एकमेकांच्या उलट आहेत. रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वाढवावी लागतात. बीके नावाचा विषाणू मूत्रपिंडात शिरला असेल तर हीच औषधे कमी करावी लागतात. टॅक्रोलिमसच्याच दीर्घ वापराने इजा झाली असेल तर त्याची मात्रा किंवा औषध बदलण्याचा विचार होतो. मूळ आजार परतला असेल तर त्याचा उपचार वेगळा. अंदाजाने स्टिरॉइडची इंजेक्शने दिली आणि प्रत्यक्षात आत विषाणू असला, तर आपणच मूत्रपिंडाच्या नाशाला हातभार लावल्यासारखे होईल. बीके विषाणूसाठी रक्ताची पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) आणि दात्याविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी बायोप्सीच्या आधी किंवा बरोबर जरूर करावी. त्या दोन्ही तपासण्या संशय कोणत्या बाजूला झुकतो हे दाखवतात, निदान मात्र पेशीजालाच्या तुकड्यावरच पक्के होते.

मूळ आजार परत येणे ही शक्यता लोकांना पटत नाही, म्हणून एक उदाहरण देतो. जगातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी केले. रुग्ण रिचर्ड हेरिक आणि दाता त्यांचाच एकसारखा जुळा भाऊ होता, त्यामुळे रिजेक्शनचा प्रश्नच नव्हता. तरीही पुढे हेरिक यांचा मूळ आजार नव्या मूत्रपिंडात परतला आणि १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या भावाचे मूळ निदान काय होते हे पत्रात नाही. आयजीए नेफ्रोपथी किंवा एफएसजीएस, म्हणजे मूत्रपिंडातील गाळण्यांना इजा करणारे आणि नव्या मूत्रपिंडात परतू शकणारे आजार असतील, तर लघवीतील प्रथिनांकडे मी अधिक काटेकोरपणे पाहीन.

प्रत्यारोपित मूत्रपिंडाची बायोप्सी मूळ मूत्रपिंडाच्या बायोप्सीपेक्षा सोपी असते, कारण हे मूत्रपिंड ओटीपोटाच्या बाजूला, कातडीच्या जवळ असते. रुग्ण उताणा झोपतो, सोनोग्राफीने जागा पाहिली जाते, तेवढाच भाग बधिर केला जातो. सुई सुटताना खटका ऐकू येतो आणि दाबल्यासारखे वाटते. दोऱ्याएवढ्या जाडीचे, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचे दोन तुकडे घेतात. एक नेहमीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी असतो आणि दुसऱ्यावर प्रतिपिंडांच्या खुणा शोधणारी विशेष तपासणी होते. नंतर काही तास पडून राहावे लागते आणि लघवीचा रंग व रक्तदाब यांवर लक्ष ठेवले जाते. एखाद-दोन दिवस लघवीत थोडे रक्त दिसू शकते. रक्त द्यावे लागेल इतका रक्तस्राव क्वचित होतो आणि बायोप्सीमुळे मूत्रपिंड गमावण्याची वेळ अत्यंत विरळा येते. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर ते कधी थांबवायचे हे डॉक्टरांना आधी विचारा, आणि रक्तदाब चढलेला असताना बायोप्सी करून घेऊ नका.

एक कटू गोष्टही सांगणे माझे कर्तव्य आहे. प्रतिपिंडांमुळे सावकाश होणाऱ्या जुन्या रिजेक्शनवर आजही खात्रीचा उपचार नाही. तो आढळला तर टॅक्रोलिमसची पातळी पुरेशी ठेवणे, रक्तदाब आणि प्रथिने आटोक्यात ठेवणे, आणि घसरणीचा वेग कमी करणे हाच मुख्य मार्ग उरतो. म्हणूनच हा आजार लवकर ओळखण्याला आणि त्याहून अधिक तो होऊ न देण्याला महत्त्व आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यामानाने थोडक्यात देता येते. पहिल्या वर्षानंतर सर्व स्थिर असेल तर क्रिएटिनिन दर दोन ते तीन महिन्यांनी, आणि त्याच वेळी रक्तपेशींची मोजणी, साखर, पोटॅशियम व टॅक्रोलिमसची पातळी तपासावी. लघवीतील प्रथिने वर्षातून किमान एकदा तपासायची असतात, पण मी ती दर तीन-चार महिन्यांनी पाहतो, कारण तपासणी स्वस्त आहे आणि कित्येकदा क्रिएटिनिन हलण्याआधी प्रथिने वाढतात. प्रतिपिंडांची तपासणी महाग आहे. ती सर्वांनी दरवर्षी करावी असे मी म्हणत नाही. गोळ्या चुकल्या असतील, मात्रा कमी केली असेल किंवा क्रिएटिनिन वा प्रथिने वाढली असतील तेव्हा मात्र टाळू नये. कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व आणि कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा पुरेत. मांडीच्या सांध्यात चालताना दुखू लागले तर स्टिरॉइडमुळे हाडाचा रक्तपुरवठा बिघडला आहे का हे एमआरआय करून पाहावे.

रक्तदाब घरी मोजा आणि १३० व ८० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करा. प्रत्यारोपण झालेले बरेच रुग्ण मूत्रपिंड उत्तम चालू असताना हृदयविकाराने दगावतात, म्हणून साखर, रक्तदाब आणि तंबाखू यांना मी मूत्रपिंडाच्या देखरेखीतच धरतो. तंबाखू, मावा आणि मिश्री पूर्ण बंद करायला हवी. प्रतिकारशक्ती दबलेली असताना कर्करोगाचा धोका वाढतो, त्यामुळे तोंडातील न भरणारी जखम, मानेतील गाठ किंवा कातडीवरील नवा डाग दिसला तर लगेच दाखवावे. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी, जिवंत विषाणूंच्या लशी घेऊ नयेत.

शेवटी आपण न विचारलेली एक गोष्ट. आईच्या तपासणीविषयी पत्रात उल्लेख नाही. मूत्रपिंड दिलेल्या व्यक्तीनेही वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने आयुष्यभर तपासायची असतात. एका मूत्रपिंडावर तिचे क्रिएटिनिन पूर्वीपेक्षा थोडे जास्त असणे अपेक्षितच आहे, त्याने घाबरू नये, पण ते एका जागी स्थिर असायला हवे. त्या वयात गुडघे दुखतात आणि दुखण्याच्या गोळ्या दुकानातून आणून खाल्ल्या जातात. त्या ती घेत असेल तर आजच बंद करा, गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल आणि व्यायाम यांवर भागवता येते, आणि या आठवड्यात भावाचे रक्त द्यायला जाल तेव्हा तिलाही बरोबर न्या.